गणपती ते कोजागिरी : साताऱ्यात सगळ्या वयांना जमेल असं काय करावं?

परतलेला_सातारकर | ६ सप्टेंबर २०२३, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. चौदा वर्षं पुण्यात काढून मागच्या दिवाळीत कुटुंबासकट साताऱ्यात परत आलो. काम घरूनच चालतं. शाहूनगरकडच्या बत्तीस फ्लॅटच्या इमारतीत राहतो, आणि एका मीटिंगला उशिरा पोचल्याची शिक्षा म्हणून मला 'सांस्कृतिक' केलंय.

गणपतीत दोन वेळची आरती, एक दिवस हाउजी, एक दिवस लहान मुलांचे नाच, हे ठरलेलं. पण या वर्षी जरा वर्गणी शिल्लक राहील असं दिसतंय. गणपती बसल्यापासून कोजागिरीपर्यंत एखादी सहल किंवा कार्यक्रम असा करायचाय की माझी एकाहत्तर वर्षांची आई (गुडघे दुखतात), माझी नऊ वर्षांची मुलगी (पाय कधीच दुखत नाहीत) आणि मधले सगळे येतील. साधारण साठ डोकी. मी कास पठार सुचवलं तर मीटिंगमध्ये अर्धे लोक हसले. का हसले ते कोणी सांगितलं नाही.

सुचवा.

खालचा_रस्ता | ६ सप्टेंबर, रात्री १०:०२

का हसले ते मी सांगतो. त्यांनी रविवारी कासच्या वाटेवरचा यवतेश्वर घाट बघितलाय.

कोपरखळी | ६ सप्टेंबर, रात्री १०:०५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कास म्हटलं की धागा शंभरी गाठणार.

वायतुरा | ६ सप्टेंबर, रात्री ११:१८

कासला जरूर न्या, पण काय बघायला नेताय ते आधी नीट सांगा. लोकांच्या डोक्यात मोबाइलवरचे फोटो असतात: क्षितिजापर्यंत गुलाबी गालिचा. तो तेरड्याचा, आणि आठ-दहा दिवसच तसा दिसतो. ते दिवस चुकले की "फुलं कुठायत?" असं विचारत माणसं फुलांवर उभी असतात.

मागच्या वर्षी भाच्याला घेऊन गेले होते. दहा मिनिटांत कंटाळला. मग कातळावर पाणी झिरपत होतं तिथे त्याला उकिडवं बसवलं. सीतेची आसवं. जांभळं-निळं, नखाएवढं फूल, खाली धाग्यासारखा दांडा आणि पानं जवळपास नाहीतच. त्याला सांगितलं, ही वनस्पती किडे खाते. पठारावर जांभ्या दगडावर बोटभर माती, तीही निकस. मग ती मुळाशी बारीक पिशव्या लावून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते आणि पोट भरते. पुढचा पाऊण तास पोरगं उठायला तयार नव्हतं. पँट भिजली ती वेगळी.

साडेआठशेच्या वर सपुष्प वनस्पती आहेत त्या पठारावर. सोनकी, गेंद, कवळा (मुलं त्याला मिकी माउस म्हणतात, तसाच दिसतो), चवर, आभाळी. आणि माझ्या टोपणनावाचा वायतुरा, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. हे सगळं साठ माणसांच्या घोळक्यात दिसत नाही. दहा-दहाचे गट करा.

परतलेला_सातारकर | ७ सप्टेंबर, सकाळी ७:१५

वायतुरा ताई, मनापासून धन्यवाद. उकिडवं बसणं आईला जमणार नाही, पण मुलीला सांगितलं तर ती आत्ताच चप्पल घालून तयार आहे. कारवीचं काय? ती यंदा आहे का?

वायतुरा | ७ सप्टेंबर, सकाळी ८:३०

टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, आणि सगळी झुडपं एकदमच हजेरी लावतात असंही नाही. चुकार झुडूप कुठेतरी दिसतंच. तिच्या भरवशावर सहल ठरवू नका.

हळगी_आणि_मी | ७ सप्टेंबर, सकाळी ९:०१

धागाकर्ते, सहल सोडा. हिल मॅरेथॉनला तुमची इमारत कुठे होती? २०१२ पासून दरवर्षी होते. एकवीस किलोमीटर, त्यातला अर्धा यवतेश्वरचा चढ. पळायचं नसेल तर घाटाच्या कडेला उभं राहायचं. आमची गल्ली पहाटे साडेपाचला हलगी घेऊन जाते. म्हाताऱ्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या, पोरांना हात पुढे करून पळणाऱ्यांना टाळ्या द्यायचं काम. परगावचा एक धावपटू आमच्यापाशी थांबून रडायला लागला. आम्हाला वाटलं हलगीनं भारावला. पायात गोळा आला होता.

तिकीट नाही, बस नाही, सगळ्या वयांना जमतं. पुढच्या वर्षी धरा.

मोती_चौक_टवाळ | ७ सप्टेंबर, सकाळी ९:२०

हसून हसून पुरेवाट!

आणि त्याच दिवशी सकाळी कासला निघालेले पाहुणे नाक्यावर अडकून कंदी पेढे खात बसतात. पेढेवाल्यांची खरी मॅरेथॉन तीच.

माहेर_माची_पेठ | ७ सप्टेंबर, दुपारी २:४४

तुम्ही सगळे कासला जाऊन बसलात. सप्टेंबरअखेरीला साताऱ्यात काय करतात? हादगा! कोणालाच आठवत नाही?

आमच्या वाड्यात भिंतीवर हत्तींचं चित्र लावायचो, त्यावर भाज्या-फळांच्या माळा. पहिल्या दिवशी एक गाणं, एक खिरापत. दुसऱ्या दिवशी दोन. सोळाव्या दिवशी सोळा गाणी आणि सोळा खिरापती. पोरींचे घसे बसायचे आणि आयांचे हात दुखायचे. बत्तीस फ्लॅट म्हणजे बत्तीस खिरापती. तुम्हाला सहल हवी कशाला?

डेक्कनची_पेठकरीण | ७ सप्टेंबर, दुपारी ३:१०

त्याला भोंडला म्हणतात.

माहेर_माची_पेठ | ७ सप्टेंबर, दुपारी ३:१२

पुण्यात म्हणत असतील.

वैदर्भी | ७ सप्टेंबर, दुपारी ३:५५

आमच्याकडे भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेला बसते, कोजागिरीला उठते. महिनाभर. तुमचं सोळा दिवसांत उरकतं होय?

पंचांगी | ७ सप्टेंबर, सायंकाळी ६:३०

हादगा खेळणार असाल तर एक पेच आहे.

आपले बहुतेक सण चंद्राच्या तिथीने चालतात. हादगा सूर्याने: सूर्य हस्त नक्षत्रात शिरला की सुरू. म्हणजे दरवर्षी २७ सप्टेंबरच्या आसपास. म्हणून तर भिंतीवर हत्ती. यंदा श्रावण अधिक आला आणि चंद्राचे सगळे सण पुढे सरकले. गेल्या वर्षी गणपती ३१ ऑगस्टला बसले, यंदा १९ सप्टेंबरला. अनंत चतुर्दशी २८ ला, त्यानंतर पितृपक्ष, घटस्थापना थेट १५ ऑक्टोबरला. हस्त कोणासाठी थांबत नाही. यंदा हादग्याचे जवळपास सोळाही दिवस पितृपक्षात.

कासचंही तेच. तेरड्याला अधिक महिना कळत नाही. ऊन-पाऊस बघून तो सप्टेंबरातच फुलणार. इतर वर्षी गणपती उठले की निवांत कासला जाता येतं. यंदा फुलं आणि गणपती एकाच आठवड्यात आलेत. तुमची वर्गणी आणि तुमचा बहर यांची गाठ यंदा अवघड.

कोपरखळी | ७ सप्टेंबर, सायंकाळी ६:४१

म्हणजे पितरांना पण खिरापत ओळखायला बसवायचं.

डेक्कनची_पेठकरीण | ७ सप्टेंबर, सायंकाळी ७:००

पितृपक्षात खेळ-गाणी? आमच्याकडे चालणार नाही. म्हणूनच आम्ही भोंडला नवरात्रात करतो. भानगडच नाही.

माहेर_माची_पेठ | ७ सप्टेंबर, सायंकाळी ७:२२

आजी म्हणायची, हादगा पावसाचा, त्याला पितरांचं विटाळत नाही. शेत पिकलं तरच पितरांना भात मिळणार ना?

पठारावरचा | ८ सप्टेंबर, सकाळी ६:५०

मी कासजवळच्याच एका गावचा. सिझनला पठारावर समितीचं काम करतो. वरचं वाचून चार गोष्टी लिहाव्या वाटल्या.

पहिलं, शनिवार-रविवार येऊ नका. यंदा २८ ला विसर्जन, ३०-१ सुट्टी, २ ला गांधी जयंती. मधी शुक्रवारची रजा टाकली की पाच दिवस. त्या पाच दिवसांत तर पठाराकडं फिरकूच नका, आम्हीच घरातनं निघत नाही. ऑनलाइन बुकिंग करून मधल्या वारी सकाळी सातला या. गाडी वाहनतळावर लावायची. आजी-आजोबांना आत लांब चालवू नका, रस्त्याच्या कडेनंच पुष्कळ दिसतं. कुमुदिनीच्या तळ्यावर जायचं तर राजमार्ग म्हणतात त्या जुन्या वाटेनं चालावं लागतंय, ते तरण्यांनी जावं.

दुसरं, ऑगस्ट कोरडा गेलाय. इतका कोरडा ऑगस्ट म्हाताऱ्यांनापण आठवत न्हाई. त्यामुळं फुलं मागंपुढं होणार. गणपतीत दोन-चार सरी आल्या तर बहर धरल. तारीख आत्ताच ठरवू नका.

तिसरं, लोक म्हणतात कास बिघडलं. आधी जाळीचं कुंपण घातलं, मग काढलं. कुंपण होतं तवा गुरं आत येत न्हवती, गवत माजलं, फुलं दबली, असं आमची जुनी माणसं सांगत होती. त्यांचं कोण ऐकतंय. २०१२ ला जागतिक वारसा झालं तवा तर आम्हाला वाटलं आता आमचीच गुरं बाहेर काढतील. पण तुमच्या तिकिटाच्या पैशावर इथल्या पोरांना सिझनला काम मिळतंय हेबी खरं हाय. येऊच नका असं कोणी म्हणू नये. कसं येताय ते बघावं.

चौथं, पठारावर खाऊ नका. डबा खाली येऊन सोडा.

खालचा_रस्ता | ८ सप्टेंबर, सकाळी ८:१०

पठारावरच्या दादांच्या प्रतिसादाला सलाम. धागा इथेच संपायला हरकत नाही.

(पण मी संपवणार नाही.) आमची फजिती सांगतो. चार वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीने रविवारी दोन मिनीबस केल्या. सव्वानऊला राजवाड्यावरून निघालो. घाटात गाड्यांची रांग. अकरा वाजता एका वळणावर, साडेअकरालाही त्याच वळणावर. पोरांनी शंभर पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घाटातच संपवली. एका काकांना लघवीला उतरवलं आणि नेमकी तेव्हाच बस हलली. काका पुढचा सगळा चढ चालत आले आणि आमच्या आधी पठारावर पोचले! वर ज्या कंपनीच्या बस होत्या त्यांनी 'प्रतीक्षा शुल्क' लावलं. पठार बघितलं एकूण पंचवीस मिनिटं. काका अजून म्हणतात, मला फुलं सगळ्यात जास्त दिसली, मी चालत होतो ना.

मोती_चौक_टवाळ | ८ सप्टेंबर, सकाळी ८:१५

काकांना हिल मॅरेथॉनला उतरवा.

दगडी_पायरी | ८ सप्टेंबर, दुपारी १२:३०

कास, कास, कास. साताऱ्याच्या आजूबाजूला दुसरं काही नाहीच का?

लिंब गावची बारामोटेची विहीर. शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास, घाट नाही, रांग नाही. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. नुसती विहीर नाही, विहिरीच्या पोटात महाल आहे: खांब, कमानी, त्यांवर कोरलेले वाघ-हत्ती आणि वर मोटा ओढायच्या जागा. नाव बारामोटेची, पण जागा मोजल्या तर पंधरा भरतात. मुलांना मोजायला लावा, भांडणं होतील, वेळ छान जातो. पायऱ्या आहेत, पण ज्यांना उतरायचं नाही त्यांनी काठावर आंब्याखाली बसावं. पावसाळा संपता संपता पाणी वर आलेलं असतं.

परतीच्या वाटेवर माहुलीला संगमावर. कृष्णा-वेण्णा भरून वाहत असतात, घाट आहेत, देवळं आहेत, सावली आहे. आजी लोकांना कासपेक्षा माहुली आवडते हे मी लिहून देतो.

निवांत_निवृत्त | ८ सप्टेंबर, दुपारी १:१५

+१. आणि सज्जनगड विसरू नका, दुपारचा प्रसाद घेऊन यायचं. त्या बाजूला ठोसेघर-चाळकेवाडीही आहे. चाळकेवाडीला पवनचक्क्यांखालच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) फुलं असतात आणि तिकडे गर्दीही बेताची.

(हे लिहायला नको होतं. पुढच्या वर्षी तिथेही वाहनतळ.)

टेक्सासची_सातारी | ८ सप्टेंबर, रात्री ११:५०

इथे आम्ही हादगा शनिवारी शाळेच्या जिममध्ये करतो. बास्केटबॉलच्या जाळीखाली पाट, पाटावर हत्ती. हत्ती प्रिंटरवर छापलेला. गेल्या वेळी एकीने खिरापतीला पिझ्झा आणला आणि वासानेच ओळखला गेला, आत शिरायच्या आधी. वर माहेर_माची_पेठ यांनी सोळा खिरापतींचं लिहिलंय ते वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी तिकडचीच, मंगळवार तळ्याजवळची.

पंचांगी | ९ सप्टेंबर, सकाळी ७:४०

थोडं अवांतर, पण तारखांचा विषय निघालाच आहे म्हणून. धागाकर्त्यांनी 'कोजागिरीपर्यंत' लिहिलंय. यंदाच्या कोजागिरीला, २८ ऑक्टोबरच्या रात्री, खंडग्रास चंद्रग्रहण आहे. १ वाजून ५ मिनिटांनी लागून २ वाजून २२ मिनिटांनी सुटेल. वेध दुपारपासूनच. मसाला दुधाचं काय ते आत्ताच ठरवा, ऐनवेळी जिन्यात भांडणं नकोत.

कोपरखळी | ९ सप्टेंबर, सकाळी ७:५२

चांद्रयान उतरून तीन आठवडे झाले नाहीत, दर तिसऱ्या मंडळाचा देखावा चांद्रयान असणार, आणि आपण चंद्राला बघून दूध प्यावं की नाही यावर मीटिंग घेणार.

डेक्कनची_पेठकरीण | ९ सप्टेंबर, सकाळी ८:२०

दोन्ही करता येतं. चंद्रावरही जावं आणि वेधही पाळावेत. कोणाला त्रास होतो?

हळगी_आणि_मी | ९ सप्टेंबर, सकाळी ८:४५

आमच्याकडे ठरलं: २७ लाच दूध. चंद्र चतुर्दशीचा असला तरी आटीव दुधाला फरक पडत नाही.

वायतुरा | ९ सप्टेंबर, सकाळी १०:०५

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. साठ माणसं, एक एकाहत्तरची आई, एक नऊ वर्षांची मुलगी. सगळ्यांनी एकाच ठिकाणी जायला हवं हा हट्ट सोडला तर प्रश्न सुटतो असं मला वाटतं.

निवांत_निवृत्त | ९ सप्टेंबर, सकाळी १०:३०

वायतुरा यांना अनुमोदन. आणि कोजागिरीवर थांबू नका. कोजागिरीनंतर पाचव्या दिवशी, अश्विन वद्य पंचमीला, औंधचा संगीत उत्सव असतो. १९४० पासून चालू आहे. साताऱ्याहून दीडेक तासात पोचतो. वर यमाईचं देऊळ, संग्रहालय आणि मग बसून गाणं ऐकायचं. साठ येणार नाहीत, सहा येतील. त्या सहांना न्या.

परतलेला_सातारकर | ९ ऑक्टोबर, रात्री ९:१५

महिनाभर गायब होतो, माफी. काय झालं ते सांगायला आलोय.

कास: मधल्या वारी सहल म्हटल्यावर नोकरदार गळाले, शाळेमुळे बरीच पोरंही गळाली. उरलो अकरा. पठारावरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे तारीख आधी ठरवली नव्हती. गणपतीत पाऊस आला, मग ठरवली. सातला वर होतो. धुकं इतकं की पहिली वीस मिनिटं फक्त एकमेकांचे आवाज. मग वारा सुटला आणि एकदम रंग उघडला. गालिचा नव्हता, ठिगळं होती. मुलगी शाळा बुडवून आली होती. सीतेची आसवं तिने शोधली, मी नाही. येताना गाडीत तिने किती किडे एका दिवसात लागत असतील याचा हिशोब मांडला.

लिंब-माहुली: एका शनिवारी चोवीस जण, तीन पिढ्या. मोटा मुलांनी चौदा मोजल्या. दगडी_पायरी, तुमच्या पंधराव्या मोटेवरून अजून वाद चालू आहे. आई विहिरीत उतरली नाही, काठावर बसून तिच्या आजोळच्या मोटेची गोष्ट सांगत होती आणि निम्मी पोरं खाली न जाता तिच्याभोवतीच बसली.

हादगा: काल रविवारी, पार्किंगमध्ये, पितृपक्षातच. आईने सरळ सांगितलं, हस्त सोडून हादगा म्हणजे आरतीशिवाय गणपती. तीन घरांनी येणार नाही म्हणून कळवलं. साडेसहाला दोन गाड्या हलवून पाटावर हत्ती मांडला. सात वाजता मोजलं तर सत्तर माणसं. त्यात ती तीन घरंही होती, म्हणाले, आम्ही फेर धरणार नाही, फक्त खिरापत ओळखायला आलोय. पहिल्या मजल्यावरचे काका आयुष्यात कधी कुठल्या कार्यक्रमाला आले नव्हते. ते खिडकीतून ओरडून अंदाज सांगत होते.

बस नाही, बुकिंग नाही. खर्च तीनशे चाळीस रुपये, त्यात दोनशेची फळं माळेला.

आईचा डबा शेवटपर्यंत कोणालाही ओळखता आला नाही. सगळी इमारत हरली. तिने अट घातलीय की इथेही विचारायचं. गोड नाही. आडवी-उभी काही नाही, डब्यात मावेल तशी. वाजत नाही.

माहेर_माची_पेठ | ९ ऑक्टोबर, रात्री ९:३१

वाटली डाळ!

परतलेला_सातारकर | ९ ऑक्टोबर, रात्री ९:३३

नाही.

टेक्सासची_सातारी | ९ ऑक्टोबर, रात्री ९:५०

शेंगोळे? धपाटे? उकडलेल्या शेंगा?

परतलेला_सातारकर | ९ ऑक्टोबर, रात्री ९:५२

नाही, नाही, नाही.

मोती_चौक_टवाळ | ९ ऑक्टोबर, रात्री १०:०५

पिझ्झा.

पठारावरचा | १० ऑक्टोबर, सकाळी ६:४०

तांदळाची उकड. आमची आई करायची. डब्यात घट्ट बसती आणि हलवली तर वाजत न्हाई.

परतलेला_सातारकर | १० ऑक्टोबर, सकाळी ७:०२

आईला वाचून दाखवलं. ती नुसती हसली. म्हणाली, "जवळ आलाय. त्याला सांग, अजून एकदा."